खाडा

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून अकरा डायऱ्या निघाल्या. त्यातली एकही विकत घेतलेली नाही. काही बँकेनं दिलेल्या, काही विमा एजंटानं, आणि एक खतांच्या कंपनीची. ती आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कशी आली, हे कुणालाच आठवेना. बाहेरून डायऱ्यांचे रंग वेगवेगळे, पण आतून सगळ्यांचं नशीब एकच. पहिल्या पानावर माझं नाव, पत्ता, रक्तगट. पुढची चार-पाच पानं वळणदार अक्षरात, महत्त्वाच्या शब्दांखाली दोन-दोन रेघा. मग अक्षर हळूहळू तिरपं होत जातं, आणि सहा-सात जानेवारीनंतर थेट डिसेंबरपर्यंत सगळं लख्ख पांढरं. रद्दीवाल्यानं एक डायरी फर्रकन चाळली आणि म्हणाला, "ताई, कोऱ्याच आहेत की! देताय कशाला?"

"वजन करा," मी म्हटलं.

साडेतीन किलो भरलं. अकरा वर्षं मी या डायऱ्यांमध्ये वजन उतरवण्याबद्दल लिहीत होते. शेवटी माळ्याचं उतरलं.

२०१५ची डायरी तेवढी ठेवून घेतली, कारण तिच्यात माझं अख्खं चारित्र्य सहा दिवसांत आलंय. त्या नोंदी जशाच्या तशा अशा:

१ जानेवारी, गुरुवार. पहाटे पाचला उठले. कोमट पाणी, मध, लिंबू. सूर्यनमस्कार बारा. मन अत्यंत प्रसन्न. हे वीस वर्षांपूर्वीच करायला हवं होतं.

२ जानेवारी. पाच-चाळीस. सूर्यनमस्कार सहा. पाठ.

३ जानेवारी. साडेसहा. थंडी फार.

४ जानेवारी, रविवार. रविवार.

५ जानेवारी. उद्यापासून नक्की.

६ जानेवारी. गाजरं तीन किलो, मटार दोन किलो, खवा पाव किलो.

लोक उगाच म्हणतात की माझ्या संकल्पांचा शेवट वाईट होतो. सहा तारखेची नोंद पाहा. शेवट गोड झाला.

माझ्यासारख्यांची मराठी भाषेला आधीपासून कल्पना असावी. मराठीत संकल्प करतात तसाच तो 'सोडतात'सुद्धा, आणि सोडला म्हणजे तो मोडला असं नव्हे, तर सुरू झाला! सत्यनारायणाला गुरुजी आपल्या हातावर पळीभर पाणी घालतात, ते ताम्हनात सोडलं की संकल्प सोडला. इकडे उपास सोडला की तो संपतो, एखाद्या गोष्टीवर पाणी सोडलं की तीही संपते, पण पाणी सोडून संकल्प सोडला की कार्यारंभ. बाकीचे लोक यातला एक अर्थ निवडतात. मी एकाच आठवड्यात दोन्ही अर्थांना न्याय देते.

त्या गुरुजींच्या संकल्पाकडे मी परवा पहिल्यांदा नीट लक्ष दिलं. ब्रह्मदेवाच्या आयुष्यातला कितवा परार्ध इथून ते सुरुवात करतात. मग कल्प कोणता, मन्वंतर कोणतं, युग कोणतं, आपण गोदावरीच्या कुठल्या तीरावर बसलोय, शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र, असं करत करत ते आमच्या दिवाणखान्यातल्या पाटापर्यंत पोचतात. मग गोत्र, मग नाव, आणि शेवटी नेमकं काय करणार ते. विश्वात कुणाला शंका राहू नये की कोण, कुठे, केव्हा, काय करतोय. माझ्या डायरीत मात्र 'भरपूर चालणे'. किती, कुठे, कधी, कुणाबरोबर, काही नाही. माझ्या संकल्पाला गोत्रच नव्हतं.

तरी सगळा दोष माझा नाही. खाण्यावर ताबा ठेवण्याचा संकल्प १ जानेवारीला करायचा, ही कल्पना ज्या कुणाची असेल त्यानं महाराष्ट्रात एकही जानेवारी काढलेला नाही. ज्युलिअस सीझरनं इसवी सनापूर्वी ४५ मध्ये आपलं नवं कॅलेंडर १ जानेवारीपासून सुरू केलं, तेव्हा त्याच्या ताटात तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि तिच्यावर विरघळत चाललेला लोण्याचा गोळा नव्हता. असता तर त्यानं वर्ष एप्रिलपर्यंत पुढं ढकललं असतं. जानेवारीत आमच्याकडे मटार स्वस्त, गाजरं लाल, गूळ नवा. कुणाच्या तरी शेतावर हुरडा असतोच. ज्वारीची कोवळी कणसं गोवरीच्या आरावर भाजून तळहातावर चोळून देतात, शेजारी लसणाची चटणी आणि दह्याचं मडकं. तिथे "मी संध्याकाळी सहानंतर खात नाही" म्हणणाऱ्या बाईला पुढच्या वर्षी बोलावत नाहीत.

मग भोगी. मग संक्रांत, म्हणजे तुपात भिजलेली गुळाची पोळी. आणि तिथून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू. आमच्या सोसायटीत अठ्ठावीस घरं आहेत. प्रत्येक घरी तिळगूळ, शिवाय "अगं, थोडंसंच आहे" म्हणून बशीत मटार करंजी नाहीतर बटाटेवडा. साखर सोडलेल्या माणसानं तिळगूळ नाकारला तर काय होतं, हे मी एकदा करून पाहिलंय. तळमजल्यावरच्या वहिनींनी हात पुढे केला आणि मी म्हटलं, "नको, मी गोड बंद केलंय." त्यांनी हात मागे घेतला. तिळगूळ नको म्हणजे गोड बोलणंही नको, असा त्याचा सरळ अर्थ होतो. मार्चपर्यंत त्या माझ्याशी पाण्याच्या टाकीपुरतंच बोलत होत्या. 'संक्रांत येणे' याचा अर्थ शब्दकोशात संकट येणे असा दिलाय. कोशकारानं जानेवारीत संकल्प केला असणार.

पण एक जानेवारी हुकला म्हणून हातपाय गाळणारे आम्ही नव्हे. नव्या वर्षांचा आपल्याकडे तुटवडा नाही. गुढीपाडवा आहे. एक एप्रिल आहे, त्या दिवशी सरकारसुद्धा नव्या वहीत जुना तोटा लिहायला घेतं. अक्षय्य तृतीया आहे, जिला सुरू केलेलं क्षयाला जात नाही म्हणतात. (माझा प्राणायाम त्या मुहूर्तावर सुरू होऊन चार दिवसांत क्षयाला गेला, पण तो अपवाद समजू.) जूनमध्ये शाळा सुरू होतात, तेव्हा पोरांबरोबर आपणही नवी वही उघडतो. २१ जूनला योगदिन. मग दसरा, मग दिवाळीचा पाडवा. साडेतीन मुहूर्त कमी पडलेच तर दर आठवड्याला एक सोमवार येतोच. हेंगचेन दाई, कॅथरिन मिल्कमन आणि जेसन रिस या अमेरिकेतल्या तीन अभ्यासकांनी २०१४ मध्ये आकडेवारीनिशी दाखवून दिलं, की आठवड्याच्या, महिन्याच्या, सत्राच्या सुरुवातीला आणि वाढदिवसानंतर लोक व्यायामशाळेत जास्त जातात. नव्या पानावर माणसाला आपण नवे झालोत असं वाटतं. हे वाचल्यावर "आपल्याकडे हे आधीच होतं" असं म्हणायचा मला मोह झाला. पण तसं म्हणणं सोडायचं, हा माझा २०२२चा संकल्प होता. तो मोडला तर निदान तशी नोंद हवी, म्हणून इथे मोडते: आपल्याकडे हे आधीच होतं.

माझ्या नवऱ्याची गोष्ट वेगळी. त्यानं एका वर्षी रोज ज्ञानेश्वरीतली एक ओवी अर्थासह वाचायचं ठरवलं. इंजिनिअर असल्यामुळे वाचायला बसण्याआधी त्यानं हिशेब केला. ओव्या नऊ हजारांच्या घरात, वर्षाचे दिवस ३६५, म्हणजे पंचवीस वर्षं. "पंचवीस वर्षांचं काम आहे," तो पेन खाली ठेवत म्हणाला, "घाई करून चालणार नाही." त्यानं अजून घाई केलेली नाही.

मी मात्र घाई केली. २०१९च्या जानेवारीत घराजवळच्या एका व्यायामशाळेत वर्षाचे चौदा हजार रुपये एकरकमी भरले. तिथला मुलगा म्हणाला, वर्षाचे भरले तर वर तीन महिने फुकट. म्हणजे मला बारा महिने न जाण्याचे पैसे पडणार होते आणि पुढचे तीन महिने न जाणं मोफत. मी एकूण नऊ वेळा गेले. खेपेला १५५५ रुपये पडले, आणि त्यातल्या दोन खेपा तिथे विसरलेली पाण्याची बाटली शोधायला होत्या. पुढे माझ्या वाचनात आलं, की स्टेफानो डेलाविन्या आणि उल्रिके माल्मेंडिअर या अर्थशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये नेमक्या याच विषयावर निबंध प्रसिद्ध केलाय. अमेरिकेत महिन्याला सत्तर डॉलरच्या वर भरणारे सभासद महिन्यातून चार-साडेचार वेळाच जात. त्यांना खेपेला सतरा डॉलरहून जास्त पडत होते, आणि तिथेच दहा डॉलरला एक खेप मिळत होती. निबंधाच्या नावाचा मराठीत अर्थ होतो 'व्यायामशाळेत न जाण्यासाठी पैसे भरणे'. मला फार बरं वाटलं. पेठेतल्या बाईनं केलेला मूर्खपणा डॉलरमध्येही चालतो, हे कळल्यावर त्याला जरा भारदस्तपणा येतो.

त्या वर्षीची खरेदी एवढ्यावर थांबली नव्हती. जांभळ्या रंगाची एक योगासनांची चटईही आली होती. ती नीट लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

लेकीनं मग माझं प्रकरण हातात घेतलं. "आई, एकवीस दिवस फक्त. एकवीस दिवस कुठलीही गोष्ट केली की सवय लागते. सायन्स आहे." मी एकवीस दिवस पहाटे उठले. अगदी खरं सांगते, सलग एकवीस. बाविसाव्या दिवशी आता सवय लागलीच आहे म्हणून गजर लावला नाही, आणि पावणेआठला उठले. सायन्सवरचा माझा विश्वास उडाला. मग शोध घेतला तेव्हा कळलं, की या एकवीस दिवसांचा उगम मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनकडे जातो. शस्त्रक्रियेनंतर नव्या नाकाची रोग्याला सवय व्हायला निदान एकवीस दिवस लागतात, असं त्यानं १९६० मध्ये एका पुस्तकात लिहिलं. 'निदान' हा शब्द वाटेत कुठेतरी गळाला आणि नाकाच्या जागी पहाटे उठणं आलं. आता नाकाचं कसं असतं, ते एकदा बसवलं की रोज सकाळी उठून पुन्हा बसवावं लागत नाही.

खरा प्रयोग पुढे लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी केला. ९६ जणांना रोजची एक साधी गोष्ट निवडायला सांगितली. जेवणाबरोबर फळ खाणं, थोडं पळणं, अशी. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, कुणाचा अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. दोनशे चोपन्न वाचल्यावर मला मनापासून आपलेपणा वाटला. पण त्याच निबंधात आणखी एक गोष्ट होती, तिच्याकडे माझं तेव्हा दुर्लक्ष झालं. मध्ये एखादा दिवस चुकला, तरी सवय लागण्यात त्यानं म्हणण्यासारखा फरक पडत नाही.

हे वाक्य मला कळलं ते निबंधातून नव्हे. ते आमच्या घरात राहतं, वय अठ्ठ्याहत्तर, चष्मा जाड काचांचा.

सासूबाईंनी आयुष्यात एकही संकल्प एक जानेवारीला केलेला नाही. त्यांचा मोसम आषाढीला सुरू होतो आणि कार्तिकीला संपतो. चातुर्मासातला नेम. एका वर्षी मुक्यानं जेवल्या, एका वर्षी पत्रावळीवर, एका वर्षी धारणं-पारणं केलं, म्हणजे एक दिवस जेवण, एक दिवस उपास. नेम नेहमी एवढासाच. चार महिन्यांत आयुष्य बदलायचं वगैरे त्यांच्या मनात नसतं, मुक्यानं जेवायचं एवढंच असतं. (मुक्यानं जेवण्याच्या त्या चार महिन्यांत माझी आमटी पहिल्यांदाच बिनटीकेची खाल्ली गेली. हा नेम दरवर्षी घ्यावा, असं मी सुचवून पाहिलं.) आणि नेम लागण्याआधीची सोयही शास्त्रात चोख आहे. चार महिने कांदा वर्ज्य, तर एकादशीच्या दोनच दिवस आधी कांदेनवमी. त्या दिवशी कांद्याची भजी, कांद्याची थालीपीठं, कांद्याचा झुणका, इतकं खायचं की पुढचे चार महिने कांद्याचं नाव नको वाटावं. आम्ही ३१ डिसेंबरला हेच करतो, फक्त त्याला तिथी नाही.

उपासाचंही तसंच. आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही, असं एक जुनं वचन आहे. पाणी, मूळ, फळ, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा आणि औषध. यातल्या 'मूळ' या एका शब्दाच्या फटीतून मराठी माणसानं साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी आणि रताळ्याचा कीस आत घेतला. साबुदाण्याचा कंद, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची हे चौघेही अमेरिका खंडातून आलेले. म्हणजे वचन झालं तेव्हा खिचडीतलं तूप आणि मीठ वगळता फारसं काही इथे नव्हतं. एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणून आपण हसतो, पण नियम करणाऱ्याला माणूस कुठे घसरणार हे ठाऊक होतं आणि त्यानं तिथे आधीच गादी घालून ठेवली. माझ्या डायरीत गाद्या नव्हत्या. तिथे 'साखर पूर्ण बंद', खाली दोन रेघा. एक पेढा खाल्ला की अख्खी डायरी माळ्यावर.

गेली पाच वर्षं सासूबाईंचं गोपद्मांचं व्रत चालू होतं. चातुर्मासात रोज तुळशीपुढे पाटावर रांगोळीनं तेहतीस गोपद्मं, म्हणजे गाईची पावलं, काढायची. पाच वर्षं, मग उद्यापन. गुडघे दुखतात म्हणून त्यांनी खाली घ्यायला काहीतरी मऊ मागितलं. मी जांभळी चटई दिली. चौदा हजारांच्या त्या मोहिमेतली एवढीच वस्तू सत्कारणी लागली. रोज सकाळी त्या चटईवर बसतात. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीतून रांगोळी सोडतात. आधी डावा खूर, मग उजवा, दोन्हींमध्ये केसाएवढं अंतर. तेहतीस व्हायला पंधरा मिनिटं. मोजत नाहीत. बोटांना आकडा माहीत आहे.

चौथ्या वर्षी भाद्रपदात त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, काही दिवस वाकायचं नाही. मला वाटलं, झालं, आता व्रत मोडलं म्हणून घरात सुतक. पण सासूबाई काळा चष्मा लावून शांतपणे म्हणाल्या, "तू काढ. नेमाला प्रतिनिधी चालतो. सून चालते."

धर्मशास्त्रात खरोखरच तशी सोय आहे हे मला नंतर कळलं. व्यायामशाळेनं ही सोय ठेवली असती, तर मी धाकट्या दिराला पाठवलं असतं. दोन दिवस मी गोपद्मं काढली. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी काळा चष्मा कपाळावर सरकवून पाट बघितला.

"गाय लंगडत होती का गं?"

"अहो आई, पहिल्यांदाच काढतेय."

"राहू दे. मी उठले की भरून काढीन."

आणि त्यांनी काढली. वाकायला परवानगी मिळाल्यावर रोजच्या तेहतीसांच्या खाली आणखी एक छोटी ओळ, असं करत करत राहिलेली सगळी. माझ्या लंगड्या गाईसुद्धा त्यांनी हिशेबात धरल्या नाहीत, त्याही पुन्हा काढल्या. मी म्हटलं, "पण आई, खंड पडला तो पडलाच ना?" त्या रांगोळी चिमटीतून सोडत म्हणाल्या, "देव काय तारीख बघत बसलाय?"

गेल्या कार्तिकात उद्यापन झालं. ब्राह्मण, सवाष्ण, पुरणपोळी. आणि व्रत संपलं. मला सगळ्यात जास्त अप्रूप याचं वाटलं. माझ्या कुठल्याच संकल्पाला शेवटचा दिवस नव्हता. 'आजपासून रोज पहाटे उठणे' म्हणजे कधीपर्यंत? मरेपर्यंत. जन्मठेपेची शिक्षा स्वतःलाच सुनवायची आणि आठवड्यात तुरुंग फोडायचा, हेच मी अकरा वर्षं करत होते.

सगळीच माणसं पाच वर्षांत उद्यापन करतात असंही नाही. महामहोपाध्याय पां. वा. काणे 'व्यवहारमयूख' या ग्रंथाची आवृत्ती तयार करत होते. तिला जोडायला धर्मशास्त्राच्या इतिहासाची थोडी माहिती लिहावी, एवढंच त्यांनी मनात आणलं. ते लिहिणं वाढत गेलं. पहिला खंड १९३० मध्ये निघाला तेव्हा त्यांनी पन्नाशी गाठली होती, आणि शेवटचा भाग १९६२ मध्ये आला तेव्हा ते ब्याऐंशी वर्षांचे होते. पाच खंड, साडेसहा हजारांवर पानं, तेही मुंबईत वकिली सांभाळून. पुढच्याच वर्षी त्यांना भारतरत्न मिळालं. पाचव्या खंडात व्रतांची लांबलचक यादी आहे. म्हणजे जगातली सगळी व्रतं नोंदवण्याचं व्रत त्यांनी घेतलं आणि तडीला नेलं. मराठीत खंड म्हणजे ग्रंथाचा भाग, आणि खंड म्हणजे मध्ये पडलेलं भगदाडही. काण्यांचे पाच खंड झाले. माझे मोजायला कुणी घेतलेले नाहीत.

यंदा मी डायरी घेतली नाही. विमा एजंटालाही परत पाठवलं, तो जरा काळजीत पडला. फक्त रोज एकदा पर्वती चढायची, एकशे तीन पायऱ्या, सकाळी साडेसहाला, आणि तेही फक्त ३१ जानेवारीपर्यंत. नोंद स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर.

कालनिर्णय १९७३ पासून निघतंय आणि बहुधा तेव्हापासूनच मराठी घरात त्याच्या चौकोनांवर दोन लिप्यांत लिहिलं जातंय. छापलेल्या लिपीत एकादश्या, चतुर्थ्या, भरणी श्राद्ध. पेन्सिलीच्या लिपीत दुधाचा 'दीड', गॅस सिलिंडरचं गोल, आणि मावशींचा 'खा'. खा म्हणजे खाडा. मावशी गेली चौदा वर्षं आमच्याकडे भांडी-फरशीला येतात. महिन्याला दोन खाडे माफ, त्यापुढचे कापायचे, असा आमचा करार. पहिल्या तारखेला या खाड्यांवरून जी चर्चा होते तिच्यापुढे विधानसभेचं अधिवेशन फिकं. "ताई, हा खाडा नाही. संध्याकाळी येऊन भांडी घासून गेले नव्हते का?" "मग अर्धा." "अर्धा कशाला, पाव लिहा." त्यामुळे आमच्या कालनिर्णयवर पाव खाडासुद्धा आहे. त्या चौकोनांत मी आता माझा 'प' लिहायला सुरुवात केली. प म्हणजे पर्वती.

पहिले चार दिवस प, प, प, प. पर्वतीवर पहाटे कुठल्याही दिवशी जा, काही काका-आजोबा तुमच्या आधी चढून खाली उतरत असतात आणि पुन्हा चढत असतात. त्यांच्या पायात असा काही चिवटपणा असतो, की मधल्या पायरीवर धाप टाकत बसलेल्या माणसाला आपण नानासाहेब पेशव्यांच्या काळापासून इथेच बसलोय असं वाटतं. पाचव्या दिवशी पाऊण अंश ताप आला. सहाव्या दिवशी ताप गेला, पण त्याची आठवण होती. सातव्या दिवशी पाहुणे. आठव्या दिवशी सकाळी मी ओट्यापाशी चहा घेत कोरे चौकोन बघत उभी होते. हा कोरेपणा माझ्या ओळखीचा होता. अकरा डायऱ्यांमधून आलेला.

मावशी फडकं पिळत म्हणाल्या, "ताई, आज डोंगर नाही?"

"बंद पडलं हो ते. तीन दिवस खाडा झाला."

"मग?" त्यांनी फडकं झटकलं. "खाडा झाला म्हणून मी कधी काम सोडलं का? दुसऱ्या दिवशी आलेच ना?"

मी चहाचा कप हातात घेऊन बराच वेळ कालनिर्णयकडे बघत राहिले. जानेवारीच्या त्या पानावर माणसं किती उदारपणे वागवली गेली होती! दूधवाला एक दिवस आला नाही, म्हणून आम्ही दूध पिणं सोडलं नव्हतं. मावशी चौदा वर्षांत कित्येकदा आल्या नाहीत, भाचीच्या लग्नाला, गावच्या जत्रेला, पावसाला, कधी नुसत्याच. आम्ही खा लिहिलं, फार तर पैसे कापले, आणि दुसऱ्या दिवशी दार उघडलं. अकरा वर्षं एका खाड्याला नोकरीवरून काढलं ते फक्त मला. आणि काढणारी मीच.

नवव्या दिवशी गेले. चार चौकोनांत खा, खा, खा, खा लिहिलं, आणि पुढे प. भोगीला गेले, पण चढताना लोणी जाणवत होतं. संक्रांतीला खा. तळमजल्यावरच्या वहिनींकडचा तिळगूळ घेतला, दोन वेळा. हुरड्याला खा. मग सलग सहा प. एका सकाळी अर्ध्या पायऱ्या चढून परत आले, तो अर्धा खाडा लिहिला, मग शेजारी पाव करून टाकला. मावशींकडे बघूनच शिकले.

३१ जानेवारीला संध्याकाळी आम्ही दोघी हिशेबाला बसलो. आधी त्यांचा: खाडे अडीच, दोन माफ, अर्ध्यावर पाच मिनिटं वाद, शेवटी तोही माफ. मग मी माझे मोजले. एकतीस दिवस, पाव माफ धरून वीस प, अकरा खा. माझ्या आयुष्यात कुठल्याही गोष्टीला जानेवारीचे वीस दिवस कधीच मिळाले नव्हते. उद्यापन म्हणून मी शिरा केला होता. आत सासूबाईंना बशी दिली, मग एक बशी मावशींपुढे ठेवून जरा ऐटीतच म्हटलं, "माझे अकरा झाले."

"अकरा?" मावशींचा घास हातातच राहिला. "ताई, महिन्याला अकरा खाडे मी केले असते, तर ठेवलं असतंत का मला?"

"ठेवलं असतं," मी म्हटलं. "दुसरी कुठून आणणार?"